खडूची रेघ

नव्या गाडीनं पहिल्याच दिवशी ठिणगीला उचलून कुंपणावर आपटलं.

गाडी साधीसुधी नव्हती. हजार सीसीची मोटरसायकल, काळीभोर, समोरून बघितलं तर कुणावर तरी डोळे वटारून उभी असल्यासारखी. चावी हातात देताना शोरूमचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, जरा जपून." ठिणगीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्यानं पुढचं वाक्य गिळूनच टाकलं. भंगाराच्या यार्डात तिला सगळे ठिणगी म्हणत ते काही उगीच नाही. अपघातात चेचलेल्या गाड्या गॅस कटरनं कापून सुट्या करायच्या, हे तिचं काम. चुरगळलेली दारं, छातीपर्यंत आत घुसलेली स्टिअरिंगं, रक्त वाळून कडक झालेल्या सीटा. वेगानं माणसाचं काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि नेमका हाच तिचा गैरसमज होता. तिला वाटलं, आपल्याला सगळं ठाऊक आहे.

यार्डातल्या मोकळ्या जागेत तिनं पहिला गिअर टाकला आणि वेग देणारी मूठ जराशी पिळली. पुढचं चाक तिच्या छातीपर्यंत वर आलं. घाबरल्यावर माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. तिनंही धरलं, म्हणजे मूठ आणखी पिळली गेली. मग आभाळ दिसलं, मग पत्रा दिसला, आणि मग तोंडात रक्ताची चव आली. गाडी दहा पावलांवर आडवी पडून चाक फिरवत होती. एक आरसा गेला होता, ब्रेकचा दांडा मोडला होता, आणि ठिणगीच्या कोपराचं सालपट कुंपणाच्या पत्र्याला चिकटलं होतं.

यार्डाचे मालक चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले. "नवी गाडी लोक आधी चालवतात, मग भंगारात आणतात," ते म्हणाले. "तू मधला टप्पाच गाळलास."

ठिणगी थुंकली. लाल थुंकी. "शिकेन मी."

"शिकशील. पण कुणाकडून तरी शीक. तुझे भावोजी आहेत की."

ते खरंच होतं. तिच्या ताईचा नवरा म्हणजे गाड्यांमधला शेवटचा शब्द. कधीकाळी शर्यतीत धावलेला, आता मोठ्या सर्व्हिस सेंटरचा फोरमन. त्याला सगळे वस्ताद म्हणत. नवी गाडी घेतली की लोक आधी ती त्याच्याकडे नेत. पहिले हजार किलोमीटर ज्याच्या हातून जातील तसं इंजिन जन्मभर वागतं, असं तो सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. ट्रकवाले, टॅक्सीवाले, बसचे ड्रायव्हर, चौकीतले पोलीससुद्धा त्याला ओळखत. त्याला बघितलं की खुर्ची पुढे करत.

ठिणगी दुसऱ्या दिवशी लंगडत, गाडी ढकलत त्याच्या घरी गेली. घरामागे फरसबंद अंगण होतं, त्याला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये त्याची स्वतःची जुनी, लाल, शर्यतीची गाडी उभी होती, इतकी स्वच्छ की तिच्यावर जेवायला बसावं. वस्तादानं ठिणगीच्या गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनवर तळहात ठेवला, आणि मोडलेल्या दांड्याकडे पाहून च्यक् केलं.

"काय मेहुणीबाई," तो म्हणाला, "बिचारीची पहिलीच ओळख, आणि मारामारी?"

"तिनं मला मारलं, भावोजी."

"गाडी कधी मारत नाही. चालवणारा मार मागून घेतो." मग त्यानं घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, बत्ती आण!"

ताई बत्ती घेऊन आली. लांब बाह्यांचा झगा, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं ठिणगीच्या कोपराकडे पाहिलं, आणि बत्ती वर धरून उभी राहिली. नवऱ्याचा हात जिथे जाईल तिथे उजेड त्याच्या आधी जात होता. पाना हवा आहे की पक्कड, हे त्यानं मागण्याआधी तिच्या दुसऱ्या हातात तयार असायचं. वर्षानुवर्षांची सवय होती ती.

दांडा बदलून झाल्यावर वस्तादानं खडू काढला आणि ताईला दिला. ताईनं वाकून मागच्या टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली. पट्टी लावून ओढावी तशी सरळ.

"हे काय?" ठिणगीनं विचारलं.

"नव्या टायरवर कारखान्यातून येतानाच एक गुळगुळीत साय असते," वस्ताद म्हणाला. "ती घासून जात नाही तोवर टायर रस्त्याला धरत नाही. रोज गोल-गोल फिरायचं, रोज थोडं जास्त झुकायचं. खडू मधून पुसला जातो, मग हळूहळू कडेकडे. जिथवर खडू गेला तिथवर टायर तुझा. जिथे खडू शिल्लक आहे तिथे झुकलीस तर संपलीस. मी स्वतः वीस वर्षं हा नियम मोडलेला नाही."

"ताईची रेघ मस्त आहे."

तो हसला. "तिला काय कळतंय गाडीतलं? बत्ती धरता येते आणि रेघ ओढता येते, तेवढं पुष्कळ."

ताईपण हसली. तेव्हा ठिणगीही हसली होती, ही गोष्ट तिला पुढे फार टोचली.

शिकवणी सुरू झाली. यार्डातलं काम संपलं की ठिणगी थेट त्या अंगणात. वस्ताद शिकवायचा तो पाना हातात घेऊन. तिनं घाबरून पुढचा ब्रेक आवळला की पाना हेल्मेटवर खण्णकन बसायचा. मूठ घट्ट धरली की मनगटावर बसायचा. "सैल! सैल धर! मानगूट धरल्यासारखी काय धरतेस?" तिच्या मनगटावर निळे-जांभळे वळ उठले. ती दोनदा अंगणात पडली, एकदा बाहेरच्या रस्त्यावर. गुडघा फुटला, अंगठ्याचं नख गेलं. गाडी दोनशे किलोची, आणि पडली की आपल्याच पायावर पडायची तिची खोड. रात्री कूस बदलायची म्हटलं तरी ठिणगीला देव आठवायचे. पण सकाळी ती पुन्हा हेल्मेट घालून तयार. मारानं मागे सरणाऱ्यातली ती नव्हतीच. आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. खडू मधून पुसला गेला, मग बोटभर उजवीकडे, बोटभर डावीकडे. तिला वस्ताद आवडत होता. इतकं जीव लावून शिकवणारा माणूस तिला आयुष्यात भेटला नव्हता.

आणि गाडीशी तो किती हळुवार! थंड इंजिनला कधी पिळू द्यायचा नाही. आधी गरम होऊ दे, म्हणायचा, तिचं तिला अंग मोकळं करू दे. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अर्ध्याच्या वर नेऊ द्यायचा नाही. एकाच वेगात रेंगाळू द्यायचा नाही. गाडीवर बसायच्या आधी तो नेहमी क्षणभर डोळे मिटून उभा राहायचा.

"असं का करता?" तिनं एकदा विचारलं.

"डोक्यात राग आहे का ते बघतो. रागात गाडीला हात लावायचा नाही. राग मुठीत उतरतो."

"आणि असला तर?"

"तर आधी तो दुसरीकडे काढायचा," वस्ताद म्हणाला, "मग गाडीवर बसायचं."

ठिणगीला ते शहाणपणाचं बोलणं वाटलं.

मग एका दुपारी तिच्या हातून घोडचूक झाली. गाडी नुकतीच सुरू केली होती, इंजिन अजून थंड होतं. चढावर गिअर टाकताना तिचा पाय घसरला, गाडी न्यूट्रलमध्ये गेली, आणि हात मात्र मूठ पिळत राहिला. काटा थेट लाल पट्ट्यात जाऊन थडकला. इंजिन असं किंचाळलं की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. तिनं धडपडत इंजिन बंद करायचा लाल स्विच दाबला.

वस्ताद पांढराफटक पडला. आता पाना बसणार म्हणून ठिणगीनं मान आत घेतली, पण पाना बसला नाही. त्यानं तो शांतपणे शेडमधल्या फळीवर ठेवला. "हात धुऊन येतो," म्हणाला आणि घरात गेला.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड आपटलं. मग एक आवाज आला तो ठिणगीला पटकन ओळखता आला नाही, कारण तो माणसाचा असेल असं तिला वाटलं नाही.

वस्ताद बाहेर आला तेव्हा खरोखर हात धुतलेले होते. चेहऱ्यावर रंग परत आला होता. "चल," तो हसून म्हणाला, "होतं असं कधी कधी. पुन्हा पहिल्यापासून." आणि त्यानं तासभर इतकं सुंदर शिकवलं की त्याआधी कधी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. दोन बोटं सुजून वांग्याएवढी झाली होती.

"दारात सापडली," ताई म्हणाली.

ठिणगीनं तो हात हातात घेतला. चेपलेलं लोखंड बघून धडक कुठून बसली, किती जोरात बसली, हे सांगणं हा तिचा रोजचा धंदा होता. दारात सापडलेल्या बोटांवर कडेची धार उमटते. इथे वरून, सपाट, एकदा नव्हे तर दोनदा मारलेलं होतं. तिनं ताईची बाही वर सारली. ताईनं हात ओढून घेतला नाही, ते जास्त वाईट होतं. जुने डाग, नवे डाग, पिवळे, हिरवे, काळे. एकेका डागाबरोबर ठिणगीला आठवत गेलं. पुढचा ब्रेक आवळला तो दिवस. बाहेरच्या रस्त्यावर पडली तो दिवस. रोज ती चुकत होती, आणि रोज तो थोड्या वेळासाठी हात धुवायला जात होता.

"माझ्यामुळे," तिच्या तोंडून निघालं.

"तुझ्या आधीही होतंच," ताई म्हणाली. "तू नसतीस तर एखादं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नसतं तर पाऊस. त्याला कारण लागत नाही, वेळ लागते."

"निघ. आत्ताच्या आत्ता निघ."

"दोनदा निघाले होते." ताई फडक्याची गाठ घट्ट करत सांगत होती, जसं बाजारातल्या भाजीबद्दल सांगावं. "एकदा बसनं. बसच्या ड्रायव्हरनंच त्याला फोन केला, वहिनी बसल्यात म्हणून, चांगुलपणानं. पुढच्या थांब्यावर तो गाडी घेऊन उभा. दुसऱ्यांदा चौकीत गेले. तिथे त्यांनी मला चहा पाजला आणि वस्तादांना बोलावून घेतलं. त्या वेळी बरगडी गेली. तिसऱ्यांदा जिवंत ठेवणार नाही म्हणालाय, आणि तो बोलतो ते करतो, तुला माहीत आहे."

ठिणगीला वाटलं, फळीवरचा पाना घ्यावा आणि त्याच्या टाळक्यात घालावा. तिनं खरंच पाना उचललाही. ताईनं तिचं मनगट धरलं, त्याच निळ्या वळांवर. "तो तुझ्या दुप्पट आहे," ती म्हणाली. "मारशील एकदा. मग तो मारेल."

मावशी दुसऱ्या शहरात राहायची, पूल ओलांडून पार पलीकडे. वस्तादानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तिचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. तिथवर पोहोचलं की झालं. पण पोहोचायचं तर त्याच्यापेक्षा जोरात जायला हवं होतं, आणि त्याच्यापेक्षा जोरात जायला शिकवणारा माणूस एकच होता. ठिणगीनं पाना परत फळीवर ठेवला. त्या दिवसापासून ती शिकली ती दात-ओठ खाऊन. ज्याच्यापासून पळायचं त्याच्याकडूनच पळायला शिकायचं, आणि शिकताना चुकायचं नाही, कारण चूक आपली आणि हाड ताईचं. हसून "हो भावोजी", "कळलं भावोजी" म्हणायचं. रात्री घरी आली की ती उशी तोंडावर दाबून ओरडायची.

इंजिन मोकळं झालं. हजाराचा टप्पा गेला. टायरवरचा खडू दोन्ही कडांपर्यंत पुसला गेला. मग तिनं मागच्या सीटवर एक पोतं बांधायला सुरुवात केली. आत ताईच्या वजनाचे भंगारातले नटबोल्ट.

"हे कशाला?" वस्तादानं विचारलं.

"मैत्रिणीला फिरवायचंय."

"मग असं ढिलं बांधू नकोस." त्यानं स्वतः वाकून पोतं आवळून बांधलं. "मागचं माणूस वळणात उलटं झुकलं की दोघंही गेलात. तिला सांगायचं, चालवणारीच्या खांद्यावरून वळणाच्या आत बघ. बघशील तिकडे अंग जातं."

ताई बत्ती धरून उभी होती. तिची बोटं वाकडी जुळली होती, तरी बत्ती हलत नव्हती.

पळून जायला गुरुवार ठरला होता. त्या दिवशी वस्ताद संध्याकाळपर्यंत कामावर असायचा. पण मंगळवारी सकाळीच, ठिणगी यार्डात कटर पेटवत असताना फोन वाजला.

"आज ये," ताई म्हणाली. "आत्ता."

"आज? आज तर त्यांची सुट्टी! घरी असतील ते!"

"केस कापायला गेलाय. आज ये."

"ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे..."

"आज आलीस तर ये. नाहीतर येऊच नकोस."

ठिणगीनं कटर विझवला.

ताई दारात उभी होती, पाठीला छोटी पिशवी, अंगात पँट. लग्नानंतर पहिल्यांदाच ठिणगीनं तिला पँटमध्ये पाहिलं. तिचा जबडा एका बाजूनं सुजलेला होता, आजचा, ताजा. हेल्मेट चढवताना ती एकदा कळवळली, मग मागे बसली. ठिणगीनं गाडी रस्त्याला लावली आणि कोपऱ्यावरून वस्ताद वळला. केस बारीक कापलेले, मानेवर पावडर. तो चालत होता तो थांबला. त्यानं गाडी पाहिली, मागे बसलेली बायको पाहिली, तिची पिशवी पाहिली. ओरडला नाही. शेडकडे धावत सुटला.

ठिणगीनं मूठ पिळली, पण हिसका न देता, हळूहळू, जसं त्यानं शिकवलं होतं. गाडी सुटली. घरं मागे गेली, दुकानं मागे गेली. मोठ्या चौकात ती सिग्नल तोडून दोन ट्रकांच्या मधून निघाली, एका ट्रकच्या आरशाला तिचा खांदा घासला, ड्रायव्हरनं आईवरून शिवी दिली. तिनं आपल्या आरशात पाहिलं. मागे लांबवर एक लाल ठिपका दिसत होता आणि तो वाढत होता.

पुढे दोन फाटे होते. सरळ गेलं तर हमरस्ता, रुंद, जिथे नव्या गाडीची ताकद कामी येणार होती. उजवीकडे खाणीचा जुना रस्ता, नुसती वळणं. ठिणगीनं सरळ जायचं कधीच ठरवलेलं होतं. तेवढ्यात तिच्या उजव्या खांद्यावर मूठ आपटली.

"खाणीच्या रस्त्यानं घे!"

"वेडी झालीस? वळणांत तो मला खाऊन टाकेल!"

"खाणीच्या रस्त्यानं!"

हा लहानपणीचा आवाज होता. विहिरीच्या काठाशी जाऊ नको म्हणून ओरडणारा. त्या आवाजापुढे ठिणगीचं आजवर कधी चाललं नव्हतं. तिनं उजवीकडे घेतलं.

तिसऱ्या वळणाआधी त्यानं गाठलं. हेल्मेट नव्हतं. बोडकं डोकं, उघडा चेहरा, आणि तो चेहरा ठिणगीनं आजवर पाहिलेला नव्हता. तो घरातला चेहरा होता. अंगणात हा माणूस कधी आलाच नव्हता. डोळे मिटून उभं राहणं नाही, हात धुणं नाही. राग काढायची जागा तर ठिणगीच्या पाठीशी बसलेली होती.

त्यानं बाजूला येऊन लाथ मारली. गाडीचं शेपूट सरकलं, हँडल थडथडायला लागलं. ठिणगीच्या प्रत्येक हाडानं सांगितलं, घट्ट धर, ब्रेक दाब. तिच्या मनगटाला पाना आठवला. सैल. सैल धर. तिनं बोटं ढिली केली आणि गाडी स्वतःच सरळ झाली. त्यानं दुसरी लाथ ताईच्या मांडीवर मारली, मग हात लांबवून तिची पिशवी धरली. पट्टा ताणला गेला, ताई मागे ओढली गेली, तिचे गुडघे ठिणगीच्या कमरेत रुतले. ताईनं कोपर फिरवलं. ते त्याच्या तोंडावर बसलं, नाकातून रक्त उडालं आणि वाऱ्यानं गालभर पसरलं. पट्टा तुटला. पिशवी रस्त्यावर फुटली आणि कपडे मागे उधळले.

समोर डावं वळण आलं, लांबलचक, एका बाजूला दगडी कठडा. रस्ता कोरडा होता, स्वच्छ, दोष द्यायला एक खडासुद्धा नाही. ठिणगीनं वळणाच्या आत बघितलं आणि झुकली. तिच्या खांद्यावरून ताईनंही आत बघितलं. दोघी एका अंगानं झुकल्या, गुडघा रस्त्याला लागेल इतक्या, आणि टायरनं रस्ता धरून ठेवला.

वस्ताद त्यांच्यामागून त्यांच्यापेक्षा खोल झुकला. त्याला तसं झुकता येत होतं. आरशात ठिणगीला दिसलं ते एवढंच, की तो झुकला आणि मग त्याच्याखालचं मागचं चाक नाहीसं झाल्यासारखं निघून गेलं. ठिणग्यांचा फवारा उडाला. लोखंड दगडावर आदळल्याचा आवाज आला, यार्डात रोज येतो तसाच, फक्त या वेळी त्यात एक माणसाचा होता.

वळण संपल्यावर ठिणगीनं गाडी थांबवली. पळून जावं, असं तिला वाटलं. तरीही ती मागे वळली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

गाडी आणि कठडा यांच्यामध्ये त्याचा पाय होता, गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळलेला. एका गालाची कातडी गेली होती. तो शुद्धीवर होता. गाडी आडवी पडली होती, मूठ दगडात अडकून पिळलेलीच राहिली होती. इंजिन जीव खाऊन किंचाळत होतं आणि मागचं चाक हवेत भन्नाट फिरत होतं.

"स्विच!" तो ओरडला. "स्विच दाब! आडवी पडलीय, तेल चढत नाही वर! इंजिन जाईल!"

ठिणगी पुढे झाली. ताईनं हात आडवा धरला. हेल्मेट काढून तिनं कठड्यावर ठेवलं आणि ती नवऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. लाल बटण तिच्या समोर होतं.

"दाब ना! लाल! लाल बटण!"

"कुठलं?" ताई म्हणाली. "मला काय कळतंय गाडीतलं?"

तो बघत राहिला. त्याचं तोंड हलत होतं, पण इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. किंचाळणं आणखी वर चढलं, त्यात खरखर मिसळली, जळक्या तेलाचा वास आला. मग आत काहीतरी तुटल्याचा धडाका झाला, आणि सगळं एकदम थांबलं. चाकसुद्धा थांबलं.

वस्ताद रडायला लागला. पायासाठी की इंजिनासाठी, कोण जाणे.

थांबलेल्या चाकाकडे ठिणगीचं लक्ष गेलं. टायर कोरा होता, चकचकीत. घरापासून इथवर धावून मधला खडू पुसला गेला होता, पण दोन्ही कडांना रेघ तशीच पांढरीशुभ्र होती. ती सरळ नव्हती. वाकड्या बोटांनी ओढलेली, थरथरती, मध्येच तुटलेली रेघ होती. ठिणगीनं ती दोनदा पाहिली.

"नवे टायर," ती म्हणाली. "कधी बसवले?"

"आज सकाळी. दुपारी अंगणात घासणार होता." ताईनं ओठावरचं रक्त पुसलं. "बत्ती मीच धरली होती."

"म्हणून आज?"

"म्हणून आज. आणि म्हणून हा रस्ता. सरळ रस्त्यावर नवा टायर काय अन् जुना काय."

ठिणगी बहिणीकडे बघत राहिली. तिला आनंद झाला होता, आणि तितकीच भीतीही वाटत होती. जिला इतके दिवस वाचवायला ती धडपडत होती, तिनं हा हिशेब उजेड धरता धरता कधी केला, ते तिला कळलंसुद्धा नव्हतं.

खाणीकडून एक ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर धावत उतरला. "अरे देवा! वस्ताद! वहिनी, झालं काय?"

"नवे टायर होते," ताई म्हणाली. "पाय अडकलाय. दवाखान्याची गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत त्याला हलवू नका."

ड्रायव्हर फोन लावू लागला. वस्ताद तिचं नाव घेत होता, आधी शिवी देऊन, मग शिवीशिवाय. ती वळली नाही. तिनं रस्त्यावर विखुरलेल्या कपड्यांतला एक स्वेटर उचलला, झटकला, अंगात घातला आणि हेल्मेट घेऊन गाडीपाशी गेली. ठिणगीनं चावीला हात घातला. चावी खळखळ वाजत होती, फिरतच नव्हती.

"थांब," ताई म्हणाली. "हात बघ तुझे. असल्या हातांनी गाडीला हात लावायचा नसतो."

तिनं ठिणगीला कठड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. खाली खाणीत यंत्रं चालू होती. ठिणगीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थरथर थांबायची वाट बघत बसली.